पॉझिटिव्ह नऊ, आजारी एक: गोठ्यातली पीसीआर वाचायची कशी

प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका दूध उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: गोठ्यात १४ एचएफ संकरित गाई. पावसाळ्याच्या तोंडी दोन गाईंना ताप भरला, म्हणून त्यांनी एका खासगी प्रयोगशाळेतून सगळ्या गोठ्याची थायलेरियाची (गोचिडांमधून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीची) पीसीआर करून घेतली. नऊ पॉझिटिव्ह आल्या. गावचे डॉक्टर म्हणाले, एकाच गाईला इंजेक्शन दिलंय तेवढं पुरे, बाकीच्यांना नको. त्याच महिन्यात बाजारातून आणलेली तिसऱ्या वेताची गाय सातव्या महिन्यात गाभडली आणि तिची जार अडकली. तिच्या रक्ताची ब्रुसेलाची (गाय गाभडवणाऱ्या जंतूची) पीसीआर निगेटिव्ह, पण सरकारी दवाखान्यामार्फत केलेली साधी रक्तजलाची (सीरमची) चाचणी पॉझिटिव्ह. त्यांचे शब्द असे: "महागाची चाचणी खरी धरायची की स्वस्तातली? आणि नऊ पॉझिटिव्ह असताना एकीलाच औषध, हा कुठला न्याय?"

न्याय बरोबर आहे. तुमचे डॉक्टर कागदावर नाही, गाईवर उपचार करतायत. आणि तुमच्या दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, एवढंच. गेली २०-२२ वर्षं मी गोठ्यात फिरतोय, मधली काही वर्षं प्रयोगशाळेतही काढली, त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकेन.

पीसीआर तुमच्या गाईला ओळखत नाही. तिच्यासमोर असतो नळीतला चिमूटभर नमुना. तिला एकच प्रश्न विचारलेला असतो: या नमुन्यात अमुक जंतूच्या जनुकाचा हा ठरलेला तुकडा आहे का? असेल तर ती त्याच्या प्रती काढत जाते. नमुना ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, थंड करून प्रत्येकाला जोडीदार बांधायचा. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, तिसरीत आठ. अशा ३५ ते ४० फेऱ्या. विरजणाचा थेंब रात्रभरात पातेलंभर दही करतो तसंच. सुरुवातीला थेंब होता की वाटीभर, हे सकाळी पातेल्याकडे बघून कळत नाही. पण दही किती वाजता लागलं हे ज्याने बघितलं, त्याला अंदाज येतो. रिअल टाइम पीसीआर नेमकं तेच बघते. कितव्या फेरीला यंत्राला खूण दिसली, तो आकडा म्हणजे सीटी. आकडा लहान तर जंतू जास्त, आकडा मोठा तर जंतू कमी.

तुम्ही पाठवलेल्या अहवालाच्या फोटोत हा आकडा आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ५ नंबरच्या गाईचा सीटी १८. बाकीच्या आठ जणींचा ३३ ते ३७. निकालाच्या रकान्यात नऊही ठिकाणी एकच शब्द छापलाय, पॉझिटिव्ह. १८ आणि ३५ मध्ये १७ फेऱ्यांचं अंतर. प्रत्येक फेरीला दुप्पट धरलं तर १७ फेऱ्या म्हणजे सव्वा लाखाहून जास्त पट फरक. ५ नंबरच्या रक्तात थायलेरियाचा बाजार भरलाय. बाकीच्या आठ जणींच्या रक्तात एखाददुसरा कोपऱ्यात अंग चोरून बसलाय.

हे असं का होतं, ते समजून घ्या, कारण आपल्याकडच्या संकरित गाईंच्या गोठ्यात हे चित्र कायम दिसणार आहे. थायलेरिया ॲन्युलाटा हा रक्तातला परजीवी गोचिडांमधून येतो, हायलोमा जातीच्या. पहिल्यांदा लागण झाली की संकरित गाय फार वाईट आजारी पडते: १०५-१०६ पर्यंत ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी सुजते, दूध एकदम आटतं, डोळ्याची आतली कातडी आधी लाल आणि मग कागदासारखी पांढरी पडते. वेळेत औषध मिळालं आणि गाय वाचली, की तिच्या अंगात तो परजीवी थोड्या संख्येने तसाच राहतो. कित्येक महिने, काही जनावरांत वर्षानुवर्षं. गाय खाते, दूध देते, माजावर येते. तिची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, आणि तोही अंगात राहून ती प्रतिकारशक्ती जागी ठेवतो. अशा गाईची रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा तास बघितली तरी बहुतेकदा काही सापडत नाही. पीसीआरला सापडतं. हा पीसीआरचा दोष नाही, तिचं कसब आहे. फक्त आपण त्या कसबाचा अर्थ "गाय आजारी" असा लावून बसतो.

म्हणून डॉक्टर "एकीलाच" म्हणाले. थायलेरियावरचं ब्युपारव्हाकोन हे एकच खात्रीचं औषध आपल्या हाताशी आहे. ते आजार हटवतं, पण वाहक, म्हणजे आजारी नसूनही परजीवी बाळगणाऱ्या गाईच्या अंगातून तो मुळासकट काढेल याची खात्री नाही. म्हणजे आठ निरोगी गाईंना टोचून पैसे जाणार, औषध दुधात उतरणार, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पीसीआर केली तर त्यातल्या काही पुन्हा पॉझिटिव्ह येणार. त्याहून मोठी भीती वेगळी. ट्युनिशिया आणि इराणमध्ये या औषधाला न जुमानणारे थायलेरिया सापडलेत. औषध परजीवीच्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनावर काम करतं, आणि त्याच जनुकात बदल झालेले आढळले. गरज नसताना औषध टोचत राहणं म्हणजे असे हट्टी परजीवी निवडून वाढवणं. हे औषध हातचं गेलं तर संकरित गाईंचे गोठे चालवणं अवघड होईल, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

आता तुमची तापाची दुसरी गाय, ११ नंबर. तुम्ही लिहिलंय की तिला १०४ ताप होता, पुढच्या पायाने लंगडत होती, एक दिवस बसूनच राहिली, आणि "इंजेक्शन न देताच तिसऱ्या दिवशी उठून चरायला लागली". अहवालात तिचा सीटी ३५. दोन्ही एकत्र ठेवून बघा. तिचा ताप थायलेरियाचा नव्हता. लंगडणं, स्नायू आखडणं, तीन दिवसांत आपोआप उतरणं, पावसाळ्याचे दिवस, हे सगळं तिव्याकडे बोट दाखवतं. तिवा हा विषाणूचा आजार, डास आणि बारीक चिलटं पसरवतात. पण प्रयोगशाळेला तिवा विचारलाच नव्हता, थायलेरिया विचारला होता. तिने थायलेरियाचं उत्तर दिलं आणि ते योगायोगाने "हो" होतं. समजा डॉक्टरांनी कागद बघून ब्युपारव्हाकोन दिलं असतं आणि तिसऱ्या दिवशी गाय उठली असती, तर श्रेय औषधाला गेलं असतं आणि पुढच्या वर्षी तिव्याच्या प्रत्येक गाईला तेच टोचलं गेलं असतं. आपल्या धंद्यात बरेच गैरसमज असेच पिढ्यान्‌पिढ्या टिकलेत, त्यात माझेही काही होते.

उलट बाजूनेही सांगतो. सीटीच्या आकड्याला देव मानू नका. एका प्रयोगशाळेचा ३० आणि दुसरीचा ३० एकच असेल असं नाही. किट वेगळं, यंत्र वेगळं, डीएनए काढण्याची पद्धत वेगळी. एकाच अहवालातल्या, एकाच दिवशी चालवलेल्या नमुन्यांची आपापसात तुलना करा, तीही ढोबळ. साध्या पीसीआरमध्ये तर आकडाच नसतो, जेलवर पट्टी दिसते किंवा दिसत नाही. आणि काही प्रयोगशाळा थायलेरियाच्या सगळ्या जातींना सामाईक असलेला जनुकाचा भाग शोधतात. मग थायलेरिया ओरिएंटॅलिससारखी बहुतेकदा सौम्य जातही "थायलेरिया पॉझिटिव्ह" म्हणून येते. त्यामुळे अहवाल हातात आला की फोन करून विचारायचं: कुठली जात शोधली, सीटी किती? ज्या प्रयोगशाळेला या प्रश्नाचा राग येतो, तिथे मी पुन्हा नमुना पाठवत नाही.

५ नंबरच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांनी खरं तर पीसीआरची वाटच बघितली नाही, हे तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. त्यांनी खांद्यापुढची गाठ चाचपली, पापणी उलटून बघितली, कानाच्या टोकाला टोचून काचेवर रक्त पसरलं आणि त्याच संध्याकाळी इंजेक्शन दिलं. पीसीआरचा कागद चार दिवसांनी आला. बरोबर केलं. तीव्र थायलेरियात चार दिवस म्हणजे गाय गेली. गाठीतून सुईने काढलेला थेंब जिम्सा नावाच्या रंगाने रंगवला तर पांढऱ्या पेशींच्या आत निळसर-जांभळे पुंजके दिसतात, कॉख यांच्या नावाने ओळखले जातात. ते एकदा दिसले की मला पीसीआर लागत नाही. तुम्ही सगळ्या गोठ्यावर खर्च केलात त्यातला बराचसा, स्पष्ट सांगायचं तर, वाया गेला. पण एक गोष्ट त्यातून कळली, ती वापरा: आठ वाहक आहेत म्हणजे तुमच्या गोचिडांना खुराक कायम उपलब्ध आहे. गोचीड भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली अंडी घालते. गाईच्या अंगावर औषध मारून भिंती तशाच सोडल्या तर काही उपयोग नाही. भेगा बुजवा, फ्लेमगन फिरवा. गोठ्यात जन्मलेल्या ज्या कालवडींना अजून लागण झाली नसेल, त्या यापुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आजारी पडणाऱ्या आहेत. थायलेरियाची लस देशात बनते, ती त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा. आणि वाहक गाय व्यायच्या आसपास, म्हणजे अंगावर ताण येतो तेव्हा, थर्मामीटर हाताशी ठेवा. दबलेला परजीवी तेव्हा डोकं वर काढू शकतो.

आता गाभडलेली गाय. इथे मात्र मला तुमची काळजी वाटते, आणि गाईपेक्षा तुमच्या घराची जास्त.

तुमचा समज असा की पीसीआर महागाची, आधुनिक, म्हणजे तिचा निगेटिव्ह पक्का. रक्तजलाची गुलाबी थेंबाची चाचणी जुनी, स्वस्त, म्हणजे तिचा पॉझिटिव्ह कच्चा. या गाईत अगदी उलट आहे. ब्रुसेला रक्तात फार काळ फिरत नाही. लागण झाली की थोडे दिवस रक्तात असतो, मग कासेत, कासेमागच्या गाठींत आणि गाभण गर्भाशयात जाऊन मुक्काम करतो. त्याला गाभण पिशवी फार आवडते, म्हणून तर पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडते. तुमच्या गाईचं रक्त तपासायला पाठवलं तेव्हा ब्रुसेला रक्तात नव्हताच. चोर माडीवर आणि पोलीस तळघरात शोधतायत. तळघर रिकामं आहे हा अहवाल खरा, पण घरात चोर नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

रक्तजलाची रोझ बेंगाल चाचणी जंतू शोधतच नाही. जंतूशी लढताना अंगाने तयार केलेली प्रतिद्रव्यं ती शोधते. एक थेंब सीरम, एक थेंब गुलाबी अँटीजेन, पांढऱ्या टाइलवर काडीने ढवळायचं, हलवत राहायचं आणि चार मिनिटांनी बघायचं. दुधात लिंबू पिळल्यावर फुटतं तशा बारीक गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. मी हे गोठ्याच्या ओट्यावर बसून शेकडो वेळा केलंय. तिची खोटही माहीत असू द्या. ब्रुसेलाची एस-१९ लस मोठ्या वयात दिलेली गाय बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते, आणि यर्सिनियाच्या एका प्रकारासारख्या दुसऱ्या जंतूंचीही तिच्याशी गल्लत होते. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी सुरू झाला, ही लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतात. त्या वयात दिली तर प्रतिद्रव्यं बहुतेक जनावरांत पहिल्या वेतापर्यंत उतरलेली असतात. तुमची गाय तिसऱ्या वेताची, सातव्या महिन्यात गाभडलेली, जार अडकलेली, वर रोझ बेंगाल पॉझिटिव्ह. मी असतो तर तिला ब्रुसेलाचीच गाय समजून वागलो असतो, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

पीसीआर करायचीच होती तर नमुना काय घ्यायला हवा होता? गाभडलेल्या वासराच्या पोटातलं पाणी. जारेवर बटणासारख्या गाठी असतात, त्यातली एखादी. नाहीतर गाय गाभडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत योनीतून येणाऱ्या स्रावाचा बोळा. तिथे ब्रुसेला अक्षरशः कोट्यवधींनी असतो. ही वेळ निघून गेली असेल तर दूध, चारही सडांतलं. पण दुधात तो रोज येत नाही, आठवडा येतो, दोन आठवडे गायब. म्हणून दुधाची एक निगेटिव्ह पीसीआर पुरेशी नाही. पुन्हा पाठवावी लागते. या जंतूच्या अंगात आयएस७११ नावाचा जनुकाचा तुकडा अनेक प्रतींत असतो. त्याला लक्ष्य करणारी चाचणी जास्त संवेदनशील, कारण एका जंतूमागे अनेक खुणा सापडतात. आणि लसीचा एस-१९ की जंगली ब्रुसेला, हा फरक सांगणारी पीसीआरही आहे. लस दिलेल्या कळपात ती उपयोगी.

तरीही पीसीआर या रोगात मोठा आधार आहे, कारण ब्रुसेला वाढवून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रयोगशाळेतल्या माणसांना होणाऱ्या संसर्गांत हा जंतू जगभर कुप्रसिद्ध आहे. नमुन्यातला जंतू आधी मारून मग त्याचा डीएनए तपासता येतो, ही पीसीआरची मोठी सोय.

हे वाचताना तुमच्या डोक्यात एक प्रश्न आला असणार, जार कोणी काढली? हात घालून काढली असेल, हातमोज्याशिवाय, तर त्या माणसाला संध्याकाळी चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर-सांधे धरणं, असं काही होतंय का ते विचारा. होत असेल तर माणसांच्या डॉक्टरांना "आमच्या गाईला ब्रुसेलोसिस असावा" हे वाक्य स्वतःहून सांगा. ते सांगितलं नाही तर टायफॉइड, मलेरिया, संधिवात असे बरेच फेरे होतात. माझ्या ओळखीच्या एका कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाने आठ महिने कंबरदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. घरात कच्चं दूध पीत असाल तर आजपासून बंद. उकळलेल्या दुधाला हरकत नाही, पाश्चराईज दुधालाही नाही. पुढच्या वेळी जार आणि गर्भ खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका, ती जागा धुऊन चुना मारा.

आणि ही गाय विकू नका. हे बोलणं कडू लागेल. परदेशात पॉझिटिव्ह गाय कत्तलखान्यात जाते आणि मालकाला भरपाई मिळते. आपल्या राज्यात गाय कापता येत नाही, त्यामुळे "चाचणी करा आणि काढून टाका" हे सूत्र इथे अर्ध्यावरच अडकतं. मग काय होतं? मालक गाय आठवड्याच्या बाजारात नेतो आणि तोंड बंद ठेवतो. तुमच्याकडे ती अशीच आली, नाही का? प्राण्यांतील सांसर्गिक रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखाली यादीतल्या रोगाचा संशय गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि ब्रुसेलोसिस त्या यादीत आहे. गावच्या दवाखान्यातही लेखी कळवा. गाय वेगळी बांधा, तिचं दूध सगळ्यात शेवटी काढा, व्यायला आली की इतरांपासून पूर्ण लांब ठेवा. बाकीच्या तेरा जणींचं सीरम आता एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. नव्याने लागण झालेली गाय सुरुवातीला रक्तजलात निगेटिव्ह दाखवू शकते, काही तर गाभडेपर्यंत. गाभडलेल्या गाईच्या पोटी झालेल्या कालवडीवरही कायम डोळा ठेवा.

तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय: "एक कंपनी एकाच नमुन्यात वीस रोग शोधून देते म्हणते, करून घेऊ का?" नको. निरोगी गोठ्यात वीस प्रश्न विचारले की चार-पाच "हो" येणारच. थायलेरिया, ॲनाप्लाझ्मा (रक्तातलाच दुसरा एक जंतू), कासेत कुठला ना कुठला स्टॅफ जातीचा जंतू. मग त्या चार-पाच "हो"च्या मागे औषधं धावतात. कासदाहाच्या पीसीआरचंही तेच. सड नीट पुसला नाही, पहिल्या धारा टाकल्या नाहीत, तर शेणातले, कातडीवरचे सगळे जंतू अहवालात येतात. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही पीसीआरला जिवंतच वाटतो, म्हणून औषध दिल्यावर लगेच केलेली चाचणी फसवते. आणि कुठलं प्रतिजैविक लागू पडेल हे साध्या पीसीआरमधून कळत नाही. त्यासाठी जंतू वाढवून बघावा लागतो.

याचा अर्थ पीसीआरचं महत्त्व कमी असा मुळीच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी आली तेव्हा पहिली खात्री पीसीआरनेच झाली. कातडीवर गाठी तर कीटक चावल्यावरही येतात, आणि लम्पीसारखा दिसणारा दुसरा एक विषाणूही आहे. पण गावात एकदा खात्री झाल्यावर पुढच्या प्रत्येक गाठाळ गाईचा नमुना पाठवायची गरज नसते, डोळ्यांनी दिसतं. लम्पीत उत्तम नमुना म्हणजे गाठीवरची खपली. रक्तात विषाणू थोडेच दिवस असतो, खपलीत महिनाभर टिकतो. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांतला बर्ड फ्लू भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत ओळखला गेला. तिथे दिवसांचा उशीर म्हणजे लाखो पक्ष्यांचा प्रश्न होता. लाळ्या खुरकुतीत विषाणूचा प्रकार ओ, ए की एशिया-१ हे पीसीआर एका दमात सांगते, आणि लस जुळते की नाही हे ठरवायची ती पहिली पायरी. रेतन केंद्रांवर वळूच्या वीर्यात आयबीआर या गाईंच्या श्वसनाच्या आजाराचा विषाणू शोधायला तीच लागते, कारण तिथली एक चूक हजारो गाईंत जाईल. आतड्याच्या जोन्स रोगाचा जंतू वाढवायला महिने लागतात, पीसीआर शेणातून काही दिवसांत उत्तर देते.

नमुन्याविषयी थोडं, कारण बहुतेक घोळ इथेच होतात, यंत्रात नाही. पीसीआरसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं आणि खोटा निगेटिव्ह येतो. रोझ बेंगालला लाल टोपणाची साधी नळी, तिच्यात सीरम सुटू द्यायचं. काहीही फॉर्मालिनमध्ये टाकू नका. बोळ्याला लाकडी काडी नको, प्लॅस्टिकची हवी. नमुना बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलच्या डब्यात, पण रक्त गोठवायचं नाही. फुटलेल्या लाल पेशींमधला लोहाचा रंगही चाचणीला अडवतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा आजार), लाळ्या खुरकूत असे आरएनएचे विषाणू तर दुपारच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत तासाभरातही खराब होऊ लागतात.

नावं बॉलपेनने चिकटपट्टीवर लिहा, शाईने नाही. एकदा मी एका गोठ्यातले सहा नमुने शाईने लिहून एसटीने पाठवले. बर्फाचं पाणी झिरपलं, प्रयोगशाळेत सहा कोऱ्या नळ्या पोहोचल्या. त्यांनी आपल्या मनाने क्रमांक टाकले. निकाल आले, एक पॉझिटिव्ह. कुठली गाय? आजही माहीत नाही. मालकाने मला काही म्हटलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि प्रयोगशाळेकडून दोन गोष्टी मागा: निगेटिव्ह कंट्रोल (जंतू नसलेली नळी) स्वच्छ होता का, आणि नमुन्यातला अंतर्गत कंट्रोल (चाचणी चालली का हे दाखवणारी खूण) चालला का. पहिल्याने खोटे पॉझिटिव्ह कळतात. शिकत असताना मी बकऱ्यांचे पीपीआरचे वीस नमुने चालवले आणि वीसही पॉझिटिव्ह आले. मी हरखून गेलो. सरांनी जेलचा फोटो हातात घेतला, सगळ्यात शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" ती नुसत्या पाण्याची नळी होती, आणि तिच्यातही तीच पट्टी, ठसठशीत. आदल्या दिवशीच्या वाढलेल्या डीएनएची नळी मी त्याच टेबलावर उघडली होती. विरजणाचा चमचा ताज्या दुधात बुडला होता. दुसऱ्या खोलीत, नव्या पिपेटने पुन्हा केले तेव्हा वीसातले सात राहिले. अंतर्गत कंट्रोल उलटी चूक पकडतो. तो चालला नसेल तर निगेटिव्ह म्हणजे "नाही" नव्हे, "चाचणी झालीच नाही".

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. गाभडलेल्या गाईला तीन आठवडे झाले नसतील तर योनीस्रावाचा बोळा आणि चारही सडांचं दूध, दोन्ही ब्रुसेला पीसीआरसाठी, दवाखान्यामार्फत पाठवा. झाले असतील तर फक्त दूध, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दूध. बाकी तेरा जणींच्या लाल टोपणाच्या नळ्या रोझ बेंगालसाठी. थायलेरियासाठी आता एकही नळी नको. ५ नंबरची पापणी मात्र रोज सकाळी उलटून बघा, आणि गुलाबी रंग परत कधी येतो ते एका वहीत तारखेसकट लिहा.